दरवाजा किती इंचांचा?

विद्यार्थ्यांनो, 'जहाज' हा शब्द तुम्हांला नव्याने शिकवावा लागणार नाही. तो जसा उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. 'बंदर', 'दर्या', 'सफर', 'खलाशी' हे शब्दही तसेच. फारसीतला 'नाखुदा' कोकणात येऊन 'नाखवा' झाला आणि अरबीतल्या 'सुक्कान'चे मराठीत 'सुकाणू' झाले. अरबस्तान व इराणचे व्यापारी शेकडो वर्षे चौल, दाभोळ यांसारख्या बंदरांत येत-जात होते. त्यांच्या मालाबरोबर हे शब्दही किनाऱ्यावर उतरले. तेव्हा आजचा पाठ समुद्रावरचा असला, तरी त्यातील बरेच शब्द तुमच्या ओळखीचे निघतील.

पूर्वी लोक जहाजाने जात ते कामासाठी. कोणी व्यापाराला, कोणी नोकरीला, कोणी यात्रेला. आता पुष्कळ लोक केवळ मौज म्हणूनही जहाजाने फिरतात. अशा सफरीला 'क्रूझ' म्हणतात. जहाज हेच त्यांचे हॉटेल असते. रात्री जहाज चालते आणि सकाळी नव्या बंदरात उभे राहते. प्रवाशाला रोज सामान बांधावे लागत नाही, गाडी बदलावी लागत नाही. आपल्याकडे मुंबईहून गोवा व लक्षद्वीप अशा भारतीय कंपनीच्या सफरी २०२१ साली सुरू झाल्या. युरोप-अमेरिकेत तर हा फार मोठा व्यवसाय आहे.

ज्याला चालता येत नाही, अशा माणसाला ही सफर खरे म्हणजे सोयीची वाटते. एकदा खोलीत सामान लावले की झाले. भोजनगृह, वाचनालय, मोकळा डेक, सारे काही एकाच छपराखाली. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे. म्हणूनच अनेक अपंग आणि वृद्ध प्रवासी आगगाडी-विमानापेक्षा जहाज पसंत करतात. मात्र ही सोय प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. ती आधी विचारून, मोजून आणि लिहून घ्यावी लागते. कशी, ते पाहू.

समजा, एका कुटुंबाने अशा सफरीला जायचे ठरवले. कुटुंब कल्पनेतले आहे, पण त्यांच्यापुढचे प्रश्न खरे आहेत. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. पुढे पक्षाघात झाला आणि पायांतली शक्ती गेली. आता ते चाकाच्या खुर्चीवर असतात. एकदा तरी पुन्हा समुद्रावर जावे, अशी त्यांची इच्छा आहे. आजींना मधुमेह आहे. त्या रोज इन्शुलिन टोचून घेतात. नात नववीत शिकते. तिला गहू चालत नाही. गव्हाची अर्धी चपाती खाल्ली तरी तिचे पोट बिघडते आणि ती कित्येक दिवस अंथरुणाला खिळते. मुलीच्या वडिलांनी जहाज कंपनीच्या कचेरीत दूरध्वनी केला.

"माझे वडील चाकाच्या खुर्चीवर असतात. जहाजावर त्यांची सोय होईल का?"

"होईल ना साहेब! सगळी सोय आहे."

"खोलीचा दरवाजा किती इंचांचा आहे?"

"मोठा आहे, साहेब."

"मोठा म्हणजे किती?"

पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते विचारून सांगावे लागेल."

या संभाषणातला सर्वांत खरा शब्द कोणता? 'सोय आहे' हा नव्हे. 'विचारून सांगावे लागेल' हा. 'सोय आहे' या उत्तराने कोणाचीच खुर्ची दरवाजातून आत जात नाही.

आता आकडे पाहा. जहाजावरील साध्या खोलीचा दरवाजा बहुधा २२ ते २३ इंच रुंद असतो. मोठ्या माणसाची चाकाची खुर्ची साधारण २४ ते २७ इंच रुंद असते. म्हणजे दोन-चार इंचांवरून माणूस बाहेर राहतो. अपंगांसाठी बांधलेल्या खोलीचा दरवाजा ३२ इंचांच्या आसपास असतो. शिवाय खुर्ची पूर्ण वळवायला आत पाच फूट मोकळी जागा लागते. तुम्ही घरी एक प्रयोग करा. मोजपट्टी घ्या आणि आपल्या घराचा, शाळेचा, मशिदीचा आणि दवाखान्याचा दरवाजा मोजा. न्हाणीघराचा दरवाजा मोजायला विसरू नका. आकडे वहीत लिहिलेत, की या पाठाचा अर्धा भाग तुम्हांला समजला असे म्हणता येईल.

जहाजावरचे दरवाजे अरुंद का असतात? जहाजाची लांबी-रुंदी ठरलेली असते आणि जितक्या खोल्या जास्त तितके भाडे जास्त. हा एक भाग झाला. दुसरा भाग उंबरठ्याचा. डेकवर उघडणाऱ्या दरवाजाला उंच उंबरठा ठेवतात, कारण लाटेचे पाणी आत शिरू नये. न्हाणीघरालाही चार-सहा इंचांचा उंबरठा असतो, कारण जहाज डोलते तेव्हा न्हाणीचे पाणी खोलीत येऊ नये. म्हणजे उंबरठा कोणी दुष्टपणाने बांधलेला नाही. त्याला कारण आहे. पण उपायही आहे. काही ठिकाणी उंबरठ्यावर उतार बसवतात. अपंगांच्या खोलीत न्हाणीघराची जमीनच उतरती करून पाणी एका कोपऱ्यात नेतात, भिंतीला धरायचे दांडे लावतात आणि बसून अंघोळ करता यावी म्हणून घडीचे आसन ठेवतात.

अशा खोल्या शेकडो खोल्यांत थोड्याच असतात. त्या ऐसपैस असल्यामुळे धडधाकट माणसेही त्या आधीच घेऊन ठेवतात. हे मला तरी योग्य वाटत नाही. आगगाडीतील अपंगांच्या डब्यात धावत जाऊन बसणारी माणसे आपण पाहतोच. तोच प्रकार हा. अमेरिकेत अशा खोल्या गरजूंसाठी राखून ठेवाव्यात, असे नियम आहेत.

नियमांचा विषय निघाला आहे, तर एका खटल्याची हकिकत सांगतो. १९९८ व १९९९ साली काही अपंग प्रवासी आणि त्यांचे सोबती अमेरिकेतील ह्यूस्टन बंदरातून सफरीला निघाले. जहाजे नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीची होती. प्रवाशांची तक्रार अशी, की त्यांच्याकडून जादा भाडे घेतले, काही खोल्या व काही जागा त्यांना वापरताच आल्या नाहीत आणि संकटात सुटका करण्याचे साहित्यही त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी नव्हते. अमेरिकेत १९९० सालापासून अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. त्या कायद्याखाली त्यांनी दावा लावला.

कंपनी म्हणाली, आमच्या जहाजांवर बहामा देशाचा झेंडा आहे. अमेरिकेचा हा कायदा त्यांना लागू नाही.

झेंड्याची ही गोष्ट समजून घ्या. प्रत्येक जहाजाची कोणत्या तरी देशात नोंदणी करावी लागते आणि जहाजावर त्या देशाचा झेंडा लागतो. कर कमी, नियम सैल, म्हणून अनेक कंपन्या बहामा, पनामा अशा देशांत नोंदणी करतात. कचेरी एका देशात, प्रवासी दुसऱ्या देशाचे, खलाशी तिसऱ्या देशाचे आणि झेंडा चौथ्या देशाचा, असा मामला असतो. खालच्या अपील न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मानले. प्रवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ जून २००५ रोजी निकाल लागला: परदेशी झेंड्याचे क्रूझ जहाज अमेरिकेच्या पाण्यात असेल, तर अपंगांच्या हक्कांचा कायदा त्यालाही लागू होतो. मात्र न्यायालयाने मर्यादाही सांगितल्या. सहज करता येतील तेवढेच बदल मागता येतील. जहाजाची सुरक्षितता धोक्यात येईल किंवा समुद्रसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार मोडेल, असा बदल मागता येणार नाही.

निकाल अर्धाच वाटतो ना? मला तो तसा वाटत नाही. त्या दिवसापासून कंपनीला 'आमचा झेंडा वेगळा' एवढे म्हणून सुटता येईनासे झाले. आता तिला दरवाजा का रुंद करता येत नाही, ते सांगावे लागते.

युरोपात १८ डिसेंबर २०१२ पासून सागरी प्रवाशांच्या हक्कांचा नियम लागू आहे. केवळ अपंग आहे म्हणून कोणाला तिकीट नाकारता येत नाही. नाकारले, तर सुरक्षिततेचे किंवा जहाजाच्या बांधणीचे खरे कारण द्यावे लागते. कंपनीच्या चुकीमुळे चाकाची खुर्ची मोडली, तर दुरुस्तीचा किंवा नव्या खुर्चीचा खर्च तिने द्यायचा. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे आणि प्रवासाची साधने सर्वांना वापरता यावीत, असेही म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण दूरध्वनीवर बोलणाऱ्या कारकुनाला दरवाजाची रुंदी ठाऊक नसेल, तर कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते.

आता आपले कुटुंब बंदरावर आले, असे धरू. धक्क्यावरून जहाजावर जायला जो उतरता पूल लावतात, त्याला 'गँगवे' म्हणतात. मुंबईत मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी चार-पाच मीटर चढते. धक्का जागेवर राहतो, पण जहाज पाण्याबरोबर वर जाते. त्यामुळे सकाळी सपाट असलेला पूल दुपारी शिडीसारखा उभा होऊ शकतो. आजोबांच्या खुर्चीला कोणत्या वेळी चढवायचे, हे भरती-ओहोटीवर ठरते. खलाशी माणसाला हे सांगावे लागत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न बेटांचा. लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांभोवती पोवळ्यांचे खडक आणि उथळ पाणी आहे. मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात. ग्रीस देशातील सँटोरिनी बेटावरही तसेच. तिथे होडीतून उतरल्यावर पुढे उभा कडा लागतो. वर जायला झुलत्या पाळण्याची सोय आहे, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. कोकणातल्या वृद्ध माणसांना हा प्रकार नवा नाही. पूर्वी मुंबईहून कोकणात आगबोटी जात, तेव्हा अनेक बंदरांत आगबोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. पडाव खाली-वर होत असे आणि खलाशी नेमक्या क्षणी ओरडे, "टाका पाय!" ज्याला पाय टाकता येत नाही, त्याने काय करायचे? थोड्या जहाजांवर खुर्चीसकट माणसाला होडीत उतरवण्याची यंत्रणा असते. बहुतेक जहाजांवर नसते. समुद्र शांत असेल तर खलाशी उचलून घेतात, नाहीतर कप्तान नकार देतो. हा नकार अपमान समजू नये, असे माझे मत आहे. जहाज आणि होडी यांमधली फट हलती असते. तिथे जोर दाखवण्यात अर्थ नाही. पण 'या सफरीत किती ठिकाणी होडीने उतरावे लागते?' हे तिकीट काढण्यापूर्वी विचारता येते. उतरण्याच्या चार ठिकाणांपैकी तीन ठिकाणी होडी असेल, तर दुसरी सफर निवडलेली बरी.

संकटाच्या वेळी काय, हा प्रश्न घरातली माणसे शक्यतो टाळतात. तो टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे मोठे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कलंडले. ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटात कोठे जमायचे याची कवायत तोपर्यंत दिलेलीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. मग सातव्या मजल्यावरचे आजोबा खाली कसे येणार? त्यासाठी जिन्यावरून उतरवण्याची खास खुर्ची असते आणि ती उचलणारी माणसे नेमलेली असतात. पण आजोबा कोणत्या खोलीत आहेत, हे त्या माणसांना आधी कळले पाहिजे. म्हणून आपले अपंगत्व लपवू नये. काही जण 'उगाच तिकीट नाकारतील' या भीतीने गप्प बसतात. भीती खोटी नाही, पण समुद्रावर ती महाग पडते.

ज्याला ऐकू येत नाही, त्याला धोक्याचा भोंगा कसा समजणार? त्याच्या उशीखाली थरथरणारे यंत्र ठेवतात. दार ठोठावले की खोलीत दिवा लुकलुकतो. अंध प्रवाशासाठी लिफ्टच्या बटणांवर ब्रेल लिपी असते. अंध माणसाचा वाटाड्या कुत्रा बरोबर असेल, तर त्याच्यासाठी डेकच्या कोपऱ्यात भुसा भरलेली पेटीही ठेवतात. बॅटरीवर चालणारी गाडी मात्र रात्री खोलीच्या बाहेर ठेवू देत नाहीत, कारण तो बोळ म्हणजे सर्वांचा सुटकेचा रस्ता. इथेही पुन्हा दरवाजा आला! गाडी खोलीत जाईल एवढा तो रुंद हवा.

आता जेवणाकडे वळू. जमिनीवर एखाद्या खाणावळीत पथ्याचे मिळाले नाही, तर माणूस दुसरीकडे जातो, नाहीतर घरून डबा येतो. समुद्रात दुसरी खाणावळ नाही आणि शेजारीणही नाही. जे आहे ते त्या एका स्वयंपाकघरात. जहाजावरील आचाऱ्याला आपले जुने खलाशी 'भंडारी' म्हणत. आजही जगातील क्रूझ जहाजांच्या स्वयंपाकघरांत गोव्याची आणि कोकणची पुष्कळ माणसे काम करतात. तुमच्यापैकी कोणाचे मामा किंवा चाचा त्यांत असतील, तर त्यांना विचारा. दोन-तीन हजार माणसांचा स्वयंपाक एका वेळी कसा होतो, ते ऐकण्यासारखे असते.

या स्वयंपाकघरात नातीच्या चपातीचा प्रश्न पोहोचतो. तिला जो विकार आहे, त्याला 'सिलिअ‍ॅक' म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत 'ग्लूटेन' नावाचे प्रथिन असते. या विकारात ते पोटात गेले की शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करते. तेव्हा नुसती चपाती वगळून भागत नाही. सार घट्ट करायला मैदा घालतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे वरण-भातही बिनधास्त खाता येत नाही. ज्या तेलात समोसे तळले, त्याच तेलात बटाटे तळले, तरी बटाटे तिला वर्ज्य. क्रूझवर मांडून ठेवलेल्या जेवणातून हाताने वाढून घ्यायची पद्धत असते. तिथे धोका चमच्याचा. कोणीतरी शेवयांचा चमचा भातात घालतो आणि निघून जातो. म्हणून पथ्याच्या माणसाने टेबलावर बसून, वाढप्याकडून जेवण घ्यावे, हे बरे. चांगल्या जहाजांवर मुख्य वाढपी रोज रात्री दुसऱ्या दिवसाची यादी घेऊन येतो. काय चालेल, काय वगळायचे, ते विचारून खूण करतो आणि तुमचे ताट वेगळे तयार होते. युरोपात डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या पदार्थांची माहिती ग्राहकाला देणे सक्तीचे आहे. ग्लूटेनची धान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, तीळ हे त्यांत येतात. शेंगदाण्याची बाधा असलेल्या काही माणसांना एक दाणाही जिवावर बेतू शकतो. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असा आग्रह आपल्याकडे प्रेमाने करतात. अशा माणसाला तो करू नये.

धर्माचे नियम पाळणारेही अनेक प्रवासी असतात. यहुदी प्रवाशांसाठी 'कोशर' जेवण बंद डब्यांत जहाजावर चढवतात आणि सील न फोडता गरम करून देतात. ते काही आठवडे आधी मागवावे लागते. जैन प्रवाशांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. तिथे जैन प्रवाशाने केव्हाही जेवावे! रमजान त्या दिवसांत आला, तर रोजा ठेवणाऱ्यापुढे नेमका उलटा प्रश्न. मुसलमान प्रवाशाने "हलाल मिळेल का?" एवढेच विचारले, तर उत्तर येते, "मिळेल, साहेब." ही 'सोय आहे'चीच बहीण. मांस कोठून येते, प्रमाणपत्र कोणाचे आहे, तळायचे तेल वेगळे आहे का, रश्श्यात दारू घालतात का, गोड पदार्थातले जिलेटिन कशाचे आहे, हे विचारले की खरे कळते. समाधान झाले नाही, तर मासे आणि भाज्या आहेतच.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. नुसते वांगे आवडत नाही म्हणून काही लोक "मला वांग्याची बाधा आहे" असे सांगतात. दहा माणसांनी अशी थाप मारली, की अकराव्या खऱ्या रुग्णाचे म्हणणे आचारी हसण्यावारी नेतो. आवड ही आवड म्हणून सांगावी आणि पथ्य हे पथ्य म्हणून.

आजींचे काम त्या मानाने सोपे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. खोलीतले छोटे कपाट नुसते गार असते. त्याच्यावर विसंबू नये, औषधासाठी खरा फ्रीज मागावा. वापरलेल्या सुयांसाठी बंद डबाही मागावा, म्हणजे खोली झाडणाऱ्याच्या हाताला सुई लागणार नाही. औषधे मोठ्या पेटीत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण चढताना दिलेली पेटी खोलीत यायला काही तास लागतात.

मुलीच्या वडिलांनी ही सारी विचारपूस कंपनीला पत्राने केली. आठ-दहा दिवसांनी उत्तर आले. घरात सर्वांनी ते मोठ्याने वाचून घेतले. दरवाजा ३२ इंच. न्हाणीघराला उंबरठा नाही. इन्शुलिनसाठी फ्रीज मिळेल. गव्हाविना जेवण मिळेल, परंतु स्वयंपाकघर एकच असल्यामुळे कण मिसळणार नाहीत अशी हमी देता येत नाही. बेटावर होडीने उतरवणे समुद्राच्या स्थितीवर अवलंबून, निर्णय कप्तानाचा.

"अब्बा, बेटावर उतरता येईल असं दिसत नाही," वडील म्हणाले.

"त्यात काय! मी डेकवर बसून बेट बघेन," आजोबा म्हणाले. "किती बेटं तशीच पाहिलीत मी. पण पोरीच्या जेवणाचं पुन्हा विचार. हमी नाही म्हणजे काय? वेगळी कढई आहे की नाही, वेगळं तेल आहे की नाही, तेवढं लिहून माग."

वडिलांनी दुसरा कागद घेतला आणि वर तारीख घातली.

स्वाध्याय

'सोय आहे' या उत्तराने मुलीच्या वडिलांचे समाधान का झाले नाही?

जहाजाच्या दरवाजांना उंच उंबरठा का ठेवतात? अपंगांच्या खोलीत त्यावर कोणता उपाय करतात?

२००५ च्या निकालापूर्वी कंपनी काय म्हणत होती? निकालानंतर काय बदलले? चार-पाच वाक्यांत लिहा.

तुमच्या शाळेचा मुख्य दरवाजा, वर्गाचा दरवाजा आणि पाणी पिण्याची जागा मोजा. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला त्यांपैकी कोठे जाता येईल, ते लिहा.

वडिलांनी कंपनीला लिहिलेले दुसरे पत्र तुम्ही तयार करा.